४२ नंबर

आमच्या ऑफिसात दर नोव्हेंबरला जिन्याखाली एक मोठा खोका येऊन बसतो. त्यावर जर्मनमध्ये लिहिलेलं असतं, निर्वासितांसाठी गरम कपडे यात टाका. आणि दर नोव्हेंबरला कुणीतरी माझ्या टेबलापाशी येऊन विचारतं, "तू गेली होतीस ना तिकडे? काय देऊ?" मी सांगते, "पुरुषांचे बूट. ४२ नंबर. चालायचे." समोरचा जरा हिरमुसतो. त्याच्या मनात बायकोचा जुना कोट असतो.

या वर्षी हाच प्रश्न पुण्याच्या मैत्रिणीने फोनवर विचारला. तिला कुठल्या तरी पूरग्रस्तांना पाठवायचं होतं. मी तासभर बोलत राहिले आणि तिने शेवटी वैतागून म्हटलं, "अगं, एवढं लिहून का नाही काढत?" म्हणून हे.

२०१७ चा फेब्रुवारी. व्हिएन्नात नोकरीला लागून मला चार वर्षं झाली होती आणि तीन आठवड्यांची रजा साचलेली होती. आई म्हणत होती, मिरजेला ये, चुलतभावाचं लग्न आहे. मी सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला गेले. त्यामागे काही फार उदात्त हेतू होता असं नाही. ओळखीच्या एका ऑस्ट्रियन मुलीने एक फोटो पाठवला होता. रेल्वे स्टेशनमागची पडकी गोदामं, बर्फ, आणि अंगावर करडी ब्लँकेटं लपेटून रांगेत उभी असलेली पोरं. खाली एक ओळ: उर्दू बोलणारं कुणी आहे का?

मला उर्दू येत नाही. हिंदी येते, तीही मिरजेची. आमच्या गल्लीत निम्मी घरं मुसलमानांची, त्यामुळे माझ्या हिंदीत "नक्को" आणि "हौ" यांचा भरणा जास्त. पण त्या पोरांना नर्स, स्वयंपाकी, चिठ्ठ्या वाटणारे सगळे इंग्रजी नाहीतर स्पॅनिश बोलणारे भेटत होते. तिथे "नक्को" म्हणणारी बाई म्हणजे चैनच. पहिल्या दिवशी मी एकाला म्हटलं, "अरे इधर नक्को बैठो, धुआँ है," तर पाकिस्तानातल्या गुजरांवाल्याची चारपाच पोरं पोट धरून हसली. पुढे तीन आठवडे मी 'नक्को बाजी' होते. बाजी म्हणजे ताई.

थोडं मागचं सांगायला हवं. २०१५ साली तुर्कस्तानातून रबरी होड्यांत बसून साडेआठ लाखांहून जास्त माणसं ग्रीसच्या बेटांवर उतरली. बहुतेक सीरियाची, अफगाणिस्तानची, इराकची. तिथून मॅसिडोनिया, सर्बिया, मग हंगेरी नाहीतर क्रोएशिया, आणि मग ऑस्ट्रिया-जर्मनी. काही महिने सरकारांनीच बस आणि रेल्वे लावून माणसं पुढे पोचवली. व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफ स्टेशनवर दोन शनिवार मीही पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. तेव्हा स्टेशनवर लोक टाळ्या वाजवत होते. मग मार्च २०१६ मध्ये हा रस्ता अधिकृतपणे बंद झाला.

रस्ता बंद झाला की माणसं यायची थांबतात, हा समज फक्त रस्ता बंद करणाऱ्यांचा असतो. माणसं येत राहिली, फक्त पुढे जाईनात. त्या हिवाळ्यात सर्बियात सात हजारांवर लोक अडकले होते. उत्तरेला हंगेरीचं काटेरी कुंपण. शिवाय जुलै २०१६ पासून तिथे कायदा असा, की सीमेपासून आत आठ किलोमीटरपर्यंत कुणी सापडला तर त्याला उचलून पुन्हा कुंपणाबाहेर सोडायचं. रीतसर दार होतं, पण त्यातून रोज मोजकीच माणसं आत घेत, आणि कुटुंबांना आधी. एकट्या तरुण पोराचा नंबर कधी लागणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून मग एकटी पोरं, हजारावर, बेलग्रेडच्या जुन्या रेल्वे स्टेशनमागच्या रिकाम्या गोदामांत राहत होती. त्या जागेला सगळे 'बॅरक' म्हणत. बहुतेक अफगाण, त्याखालोखाल पाकिस्तानी. त्यांत आईबाप बरोबर नसलेली, मिसरूडही न फुटलेली बरीच.

मी व्हिएन्नाहून बसने गेले. हंगेरी पार करून सर्बियाच्या हद्दीत शिरताना बस थांबली, एका पोलिसाने पासपोर्ट आणि ऑस्ट्रियाचं कार्ड बघितलं, शिक्का मारला, जांभई दिली. पाऊण तासात बस पुढे. याच कुंपणाबद्दल पुढच्या तीन आठवड्यांत मी रोज ऐकणार होते, आणि माझ्या आठवणीत ते एका जांभईएवढंच आहे. माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा मसाला जास्त होता, त्याची चौकशी मात्र झाली. हळदीची पिशवी उघडून हुंगण्यात आली.

मसाला का, ते सांगते. मी जायच्या आधी त्या ऑस्ट्रियन मुलीला विचारलं होतं, की पोरांना काय हवंय, ते त्यांनाच विचारून सांग. तिने गुगल ट्रान्सलेटवरून विचारलं. उत्तर आलं: बूट, पॉवर बँक, आणि 'मिर्च'. तिला वाटलं यंत्राने भाषांतरात घोळ केला.

घोळ नव्हता. स्वयंसेवकांचं स्वयंपाकघर गोदामांपासून काही अंतरावर भाड्याने घेतलेलं होतं. शंभर-शंभर लिटरची पातेली, गॅसच्या अजस्र शेगड्या, सकाळी आठला कांदा चिरायला बसायचं आणि दुपारी एकपर्यंत व्हॅनमध्ये हजार माणसांचं जेवण चढवायचं. हे काम करणारी पोरंपोरी विशी-पंचविशीतली. इंग्लंडची, स्पेनची, जर्मनीची. सुट्टीवर आलेली, कॉलेज सोडून आलेली. त्यांच्या कष्टांना मी शंभर नमस्कार करीन. पण ती मसुराची आमटी! पाण्यात मसूर, गाजर, बटाटे, आणि वरून सर्बियन लाल पूड. सर्बियाची ती पूड दिसायला आपल्या काश्मिरी मिरचीच्या वर, आणि चवीला गोड. पोरं वाटी हातात घ्यायची, लालभडक रंग बघून डोळे चमकायचे, आणि पहिल्या घासाला चेहरा पडायचा. रोज.

माझ्या आईची मिरजेत खाणावळ होती. दवाखान्यांचं गाव, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे पेशंटचे नातेवाईक. विजापूर, अथणी, गोकाक, कुठून कुठून आलेले, रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपणारे, दोन दिवस म्हणून आलेले आणि महिना झाला तरी अडकलेले. आई त्यांना भाकरी देताना विचारायची, "तुमच्याकडं ज्वारीची का बाजरीची?" उगीच नाही. घरातला माणूस ऑपरेशनला नेलाय, अशा वेळी निदान भाकरी तरी ओळखीची हवी.

तर मी आईला फोन लावला. हजार माणसांची आमटी, कसं करू?

"माणशी साठ ग्रॅम डाळ धर. साठ किलो झाली. आणि फोडणी पातेल्यात नको घालूस, एवढ्या मोठ्या पातेल्यात ती मरती. वेगळ्या कढईत कर आणि वरनं ओत. लसूण सोलायला माणसं आहेत का?"

"आहेत. स्पॅनिश आहेत."

"मग झालं की. लसूण त्यांनाबी येतो."

पहिल्या दिवशी मी कढईत जिरं, लसूण आणि व्हिएन्नाच्या बाजारातून आणलेली खरी मिरची टाकली. दोन मिनिटांत ते स्वयंपाकघर रिकामं झालं. सगळे बाहेर बर्फात उभे राहून ठसकत होते, एक जर्मन मुलगा मला खुणेने विचारत होता, हे मुद्दाम होतं का. त्या दुपारी पातेली तळ खरवडून परत आली. पुढच्या आठवड्यात मिरची संपली आणि गावात कुठे मिळते याचा शोध सुरू झाला तेव्हा तोच जर्मन मुलगा सगळ्यात पुढे होता.

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने मिलोची गोष्ट काढली. आईचं माहेर जत तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची मिलो ज्वारी यायची, लाल. "भाकरी थापली की चिरायची. रंग बघूनच पोटात कालवायचं. तुझे आजोबा खडी फोडून आले की ती समोर ठेवायची मला लाज वाटायची, जशी काय मीच आणली तिकडनं. तोंडानं कुणी काही बोललं की रेशनवाला म्हणायचा, मिळतंय ते बघा. सुकडी मात्र गोड असायची. तिच्यासाठी पोरं भांडायची." एवढं बोलून ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "मीठ बरोबर पडतंय ना? एवढ्या मोठ्या पातेल्याला मीठ कमी पडतं नेहमी."

मीठ खरंच कमी पडत होतं.

गोदामांबद्दल लिहायचं टाळत होते, पण लिहिते. दारं-खिडक्या नव्हत्या. जानेवारीत पारा उणे १५ च्याही खाली गेला होता. मी पोचले तोवर थंडी जरा कमी झालेली, पण चिखल वाढलेला. शेकायला लाकूड कुठून आणणार? तर रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर. ते कुजू नयेत म्हणून त्यात डांबरासारखं विषारी तेल मुरवलेलं असतं. ते जळलं की जो काळा, दाट धूर होतो तो आत कोंडून राहायचा. दुपारी बारालाही आत टॉर्च लागे. सगळ्यांचे चेहरे धुरकटलेले, सगळे खोकत. बाहेर एका नळाशी लोखंडी पिंपात पाणी तापवायचं आणि उघड्यावर बर्फात आंघोळ करायची. एमएसएफ या वैद्यकीय मदत संस्थेच्या डॉक्टरांकडे रोज रांग, खोकला, खरूज, थंडीने काळी पडलेली बोटं, आणि सीमेवरून परतलेल्यांच्या जखमा. आणि या सगळ्याच्या बाजूलाच, अगदी हाकेच्या अंतरावर, नदीकाठी आलिशान टॉवर उभे राहत होते. त्या प्रकल्पाच्या जाहिरातीचे फलक गोदामातून दिसायचे.

सीमेवर जाण्याला शब्द एकच: गेम. "बाजी, आज रात को गेम है।" पंजाबच्या पोरांचा आणखी एक शब्द, डंकी. क्वेट्टा, तफ्तान, इराण, मग बर्फाच्या डोंगरातून तुर्कस्तान, तिथून बल्गेरिया, ही सगळी डंकी. बल्गेरियाचं नाव काढलं की पोरं पँट वर करून पोलिसांच्या कुत्र्यांचे दात दाखवायची. आता शेवटच्या दोन सीमा राहिल्या होत्या, म्हणून हा गेम. संध्याकाळी पाठीला पिशवी बांधून चार-पाच जण निघायचे, बसने सीमेजवळच्या सुबोटिकाकडे नाहीतर शिदकडे. दोन-तीन दिवसांनी त्यांतले बहुतेक परत. ओले, फोन फुटलेला, आणि पुष्कळदा अनवाणी. पकडल्यावर बूट काढून घेतले असं ते सांगत. एकाने सांगितलं तर मी मनात म्हटलं असतं की वाढवून सांगतोय. पण रोज वेगवेगळी पोरं, वेगवेगळ्या रात्री, तेच सांगत होती, आणि मानवी हक्क संघटनांच्या अहवालांतही तेच येत होतं.

म्हणून बूट.

दुपारच्या जेवणानंतर माझी ड्युटी कपड्यांच्या गोदामात असे. युरोपभरातून खोके आलेले. खोके उघडताना लोकांची मनं कळतात. उन्हाळी फ्रॉक. उंच टाचांचे सोनेरी सँडल. एका खोक्यात लग्नाचा पांढरा झगा, ड्रायक्लीन करून, पातळ कागदात गुंडाळलेला. कुणीतरी तो देताना खूप विचार केला असणार, आणि ज्यांना पोचणार त्यांचा एकदाही नाही. बूट येत ते ४५, ४६ नंबरचे, कारण देणारे डच नाहीतर जर्मन बापे. आपल्याकडची, म्हणजे अफगाणिस्तानातल्या लगमानची, बघलानची, गुजरातची (पाकिस्तानातला गुजरात, आपला नव्हे) पोरं ४१, ४२, फार तर ४३. आपल्याकडचा आठ नंबर म्हणजे जवळपास ४२. हजार माणसांना ४२ नंबर हवा आणि शेल्फावर ४६ ची रांग, असं ते दुकान.

तुटवडा आला की नियम येतो. महिन्यातून एक जोड. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तारीख टाकायची. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. नियम नव्हता तेव्हा धट्टेकट्टे पुढे घुसत आणि चौदा वर्षांची मागे राहत. शिवाय काही जण बूट विकतात अशी कुजबुज होती. विकतही असतील. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणायचे, फुकट्या प्रवासी पकडायच्या नादात खऱ्या पासवाल्याला उतरवू नये. मला त्या दुपारी बाबा आठवायला हवे होते.

१६ तारीख होती. एक पोरगा आला, कुंदुझकडचा, पेशावरात वाढलेला, उर्दू स्वच्छ. पायात रबरी चपला आणि त्यात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. चिठ्ठीवर ९ तारखेची नोंद. मी म्हटलं, आठवड्यापूर्वीच नेलास ना? तो म्हणाला, बाजी, गेमला गेलो होतो, हंगेरीवाल्यांनी काढून घेतले. मी शेल्फाकडे बघितलं. ४२ चे दोनच जोड उरले होते आणि बाहेर तीस पोरं उभी होती. मी त्याला म्हटलं, आणि हे अगदी माझ्या मिरजेच्या ठसक्यात म्हटलं, "रूल सबके लिए एक है। अगले महीने आना।" इंग्रजी बोलणाऱ्या कुणी नाही म्हटलं असतं तर त्याने हुज्जत घातली असती, हातवारे केले असते. माझं त्याला पूर्ण कळलं. त्यामुळे वाद घालायला जागाच राहिली नाही. तो "ठीक है, बाजी" म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी एक ब्रिटिश मुलगी दोन पोती घेऊन आली, त्यात ४१-४२ चे अकरा जोड निघाले. एक बाजूला ठेवून मी सकाळी त्याला शोधायला गेले. त्याच्या शेकोटीभोवतीची पोरं म्हणाली, तो रात्रीच गेला. गेमला. चपलांवर? हो, चपलांवर.

तो परत आला नाही. याचा अर्थ तो पोचलाही असेल. पोचलेली पोरंही परत येत नाहीत.

ही गोष्ट मी फारशा लोकांना सांगितलेली नाही. सांगितली की लोक समजूत काढतात, तुझा काय दोष. मला समजूत नको आहे. भाषा येते म्हणून मला बोलावलं होतं, आणि त्या भाषेत मी सगळ्यात चांगलं काय बोलले, तर "नाही".

सर्बियाच्या सरकारचं म्हणणं वेगळंच होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या मंत्रालयाने संस्थांना जाहीर पत्र लिहिलं, की छावण्यांबाहेर अन्न, कपडे, बूट वाटू नका. त्यामुळे ही माणसं बाहेरच राहतात. यावर स्वयंपाकघरात रोज रात्री वाद व्हायचा. छावणीत हीटर आहे, गादी आहे, तर धुरात का राहायचं? वरवर बिनतोड वाटतं. पोरांना विचारलं की कळायचं. त्यांना भीती अशी, की छावणीत नेतो म्हणून बसमध्ये घालतील आणि दक्षिणेला नेऊन मॅसिडोनियात नाहीतर बल्गेरियात ढकलतील. म्हणजे पुन्हा कुत्री. काहींच्या बाबतीत तसं घडलंही होतं. मी असताना बरीच पोरं बेलग्रेडजवळच्या नव्या छावणीत गेली, तीही मनाने, मित्र तिथे बरा आहे हे बघून. आमच्या आमटीमुळे कुणी बॅरकमध्ये राहिला असेल असं मला वाटत नाही. एवढी चांगली ती कधीच नव्हती.

पण बुटांबद्दल तोच प्रश्न मला छळायचा. तुम्ही चालणाऱ्याला बूट देता, म्हणजे कुंपणाकडे चालायला देता. मग तुम्ही मदत कुणाला करता, माणसाला की गेमला? मी तिथे असताना ठरवलं, की पायाला थंडी वाजते तेव्हा पाय कुठल्या दिशेला चाललेत हे विचारायचं नाही. हे उत्तर कायदेतज्ज्ञाला पटणार नाही. मला तरी दुसरं सुचलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी मी इटलीतल्या त्रिएस्तेला गेले होते, तिथल्या स्टेशनसमोरच्या चौकात संध्याकाळी एक बाई बाकावर बसून पाय धुताना दिसल्या. लोरेना फोर्नासिर. वयस्क, व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. त्या आणि त्यांचे पती, निवृत्त तत्त्वज्ञानाचे शिक्षक, बाल्कनमधून चालत आलेल्यांच्या पायांची मलमपट्टी करतात. औषधांची छोटी हिरवी गाडी ओढत येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली होती, बेकायदा स्थलांतराला मदत केल्याच्या संशयावरून. पुढे ते प्रकरण बंद झालं आणि त्या पुन्हा त्याच चौकात, त्याच गाडीसह. मी बराच वेळ लांबून बघत होते. त्या बोलत कमी होत्या. फोड कुठला फोडायचा आणि कुठला तसाच राहू द्यायचा हे बघत होत्या.

आता बेलग्रेडला परत. दुःखाचंच लिहिलं की त्या जागेवर अन्याय होईल, म्हणून २० फेब्रुवारीचं सांगते. जनरेटरवर फोन चार्ज करायच्या टेबलापाशी एकदम आरडाओरडा. मला वाटलं मारामारी. बघते तर नंगरहारची दहा-बारा पोरं एका फोनवर तुटून पडलेली आणि एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर. बंगळुरात आयपीएलचा लिलाव होता. राशिद खान, ४ कोटी, हैदराबाद! मोहम्मद नबी ३० लाख! आयपीएलमध्ये पहिल्यांदाच अफगाण खेळाडू. राशिद तेव्हा १८ वर्षांचा, याच पोरांच्या वयाचा, यांच्याच नंगरहारचा, त्याचंही बालपण काही वर्षं पाकिस्तानात निर्वासित म्हणून गेलेलं. एकाने मला पकडून विचारलं, "नक्को बाजी, चार करोड में कितने यूरो?" मी हिशेब केला. साधारण साडेपाच लाख. सगळे गप्प झाले. मग तो म्हणाला, "मतलब एजंट को दे के भी बचेगा।" आणि पुन्हा हशा.

दुसऱ्या दिवशी चिखलात, फळीची बॅट करून, सगळे लेगस्पिन टाकत होते. मीही चार चेंडू खेळले. दोनदा त्रिफळा.

माझी घरमालकीण साठीच्या पुढची होती. तरुणपणी जर्मनीत कामाला होती म्हणून तोडकंमोडकं जर्मन बोलायची. सुरुवातीला तिने मला सरळ सांगितलं, ती पोरं चोर असतात, तू संध्याकाळनंतर तिकडे जाऊ नकोस. दहाव्या दिवशी रात्री मी धुराचा वास घेऊन घरात शिरले तर ती कोट हुंगत उभी राहिली आणि म्हणाली, असाच वास आमच्या ट्रॅक्टरला यायचा. मग कळलं, ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियातल्या क्रायनामधून जे दोनेक लाख सर्ब पळाले त्यांत ती होती. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तीत सासू, दोन मुलं, गाद्या. रस्त्यात कुणीतरी सफरचंदं दिली होती, ती तिला अजून आठवत होती. कुणी, ते नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याबरोबर आयवारच्या चार बरण्या दिल्या. भाजलेल्या लाल मिरच्यांचं लोणचं म्हणा हवं तर. पोरं चोर असतात हे मत मात्र तिने बदललं नाही.

मी मार्चच्या सुरुवातीला परतले. त्याच महिन्यात हंगेरीने आठ किलोमीटरची मर्यादाही काढून टाकली. आता देशात कुठेही सापडला तरी कुंपणाबाहेर. मे महिन्यात बॅरक रिकामी करून पाडली. तिथे आता टॉवर आहेत. स्टेशनही २०१८ मध्ये बंद झालं. पोरांचा रस्ता बोस्नियाकडे वळला, बिहाच आणि वेलिका क्लादुशा ही नावं फोनवर येऊ लागली. २०१९ मध्ये बिहाचबाहेर कचऱ्याच्या जुन्या डेपोवर छावणी उभारली होती, त्याचे फोटो एकाने पाठवले आणि खाली लिहिलं, "बाजी, बॅरक अच्छा था।" तो सध्या पॅरिसमध्ये सायकलवरून जेवण पोचवतो. दिवाळीला न चुकता मेसेज करतो, आणि दर वेळी विचारतो की लग्न झालं का.

तर काय द्यायचं. मैत्रिणीला जे सांगितलं ते असं. आधी विचारायचं, आणि ज्याला हवंय त्याला विचारायचं, त्याच्या भाषेत. बूट द्यायचे असतील तर पोचल्यावर एखादं माणूस अंधाऱ्या गोदामात ढिगाऱ्यासमोर बसून डाव्याचा उजवा शोधत असेल, हे डोळ्यासमोर आणायचं. मी तसे तासन् तास बसले आहे. एकदा ४२ चा उत्तम जोड होता, डावा बूट हातात, आणि उजवा सापडेपर्यंत अंधार पडला.

म्हणून दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा. घट्ट गाठ, सुरगाठ नको. आणि तळव्यावर मार्करने नंबर मोठा लिहा.